अर्दीचा जिन्न आणि मुलुखियाची पळी

मंगळवारी दुपारी आमच्या नगा हिलाल गावच्या टोमॅटो शेडमध्ये एका ट्रकच्या अंगात आलं. माणसांच्या अंगात येतं ते आम्ही वरचेवर पाहतो, एकदा एका म्हशीच्याही आलं होतं. पण ट्रकच्या अंगात यायची ही पहिलीच वेळ, म्हणून अख्खं गाव लोटलं होतं. बसायला जागा नव्हती. काही जण टोमॅटोच्या भरलेल्या क्रेटवर बसले आणि उठले तेव्हा त्यांचे पांढरे झगे मागून लाल झाले होते.

ट्रक ओकाशाचा. पुढे लांब नाक असलेला, जुना, बापाकडून आलेला. ओकाशा त्यातून टोमॅटो कैरोला नेतो. पंचवीस दिवसांपूर्वी त्याचं लग्न झालं आणि चार दिवसांपूर्वी तो ट्रकसकट कालव्यात जाता जाता वाचला. वळणावर सगळे दिवे एकदम गेले म्हणे. उजवा हात गळ्यात बांधून तो केबिनमध्ये बसला होता. खाली त्याची आई, हाज्जा तफीदा, जपमाळ ओढत उभी होती. तिच्या ओठांना रंग उरला नव्हता.

"दिवे लाव!" जिन्न उतरवणारा शेख अबू कंदील गरजला. कंदिलाला आमच्याकडेही कंदीलच म्हणतात. माणसाच्या नावातच उजेड होता. "आता ब्रेक दाब!"

ओकाशानं ब्रेक दाबला. ढगाचा ठिपकाही नसताना काचेवरचे वायपर थरथरले, अर्धे उठले आणि परत पडले. दिवे पिवळे पडले. हॉर्न दाबला तर तो सर्दी झालेल्या बोकडासारखा ओरडला. ॲक्सिलरेटरच्या तारेतून जळका वास आला.

"या सत्तार! अल्लाह, सांभाळ!" बायका ओरडल्या. एक जण दोन पावलं मागे सरकला आणि आणखी एका क्रेटवर बसला.

"पाहिलंत? हात उचलतोय तो!" शेख वायपरकडे बोट दाखवून म्हणाला. "शल्मूख! तल्मूख! करबूर!" ही जिन्नांची सुर्यानी भाषा. त्यातला शेवटचा शब्द मला कार्ब्युरेटरसारखा वाटला, पण मी गप्प राहिलो. त्या आठवड्यात मी पुष्कळ गप्प राहिलो, ते पुढे येईलच.

मग शेखनं झोळीतून एक सुरी काढली आणि बॉनेट उघडून चासीवर, म्हणजे ट्रकच्या लोखंडी सांगाड्यावर, एका जागी खरवडायला लागला. "जिन्नाची नखं काढतोय," असं त्यानं सांगितलं. गंज खाली पडला, लोखंड चकाकलं. तसंच इंजिनावर एका जागी. मग त्यानं तांब्याची एक जाड साखळी काढली, तिला दोन्ही टोकांना आकडे. एक आकडा इंजिनाला लावला, दुसरा चासीला.

दिवे भपकन पांढरे झाले. वायपर आडवे पडले. ओकाशानं हॉर्न दाबला तर पलीकडच्या गल्लीतली गाढवं ओरडायला लागली.

"वल्लाह! काय ताकद आहे!" लोक म्हणाले. मलाही ताकद मान्य होती. फक्त तो आकडा लावल्यावर शेखनं त्याला शेवटचा पाव पीळ दिला, तसा पीळ नट आवळणारा माणूस देतो, जिन्न आवळणारा नव्हे. पण मी म्हटलं ना, मी गप्प होतो.

शेखनं कपाळावरचा घाम पुसला आणि निकाल सांगितला. "हा जमिनीखालचा जिन्न आहे. अर्दी. आत्ता बांधलाय, सुटलेला नाही. तो कैरोहून आला, त्या नव्या डायनामोत बसून. आणि डायनामो कोणाबरोबर आला?"

सगळ्यांनी ओकाशाच्या घराकडे पाहिलं. डायनामो नवरीबरोबर आला होता.

"शुक्रवारी दुपार उतरल्यावर, असरच्या नमाजानंतर तिला इथं आणा. केबिनमध्ये बसवा. मी साखळी काढतो. मालकीण दिसली की तो उठतो की नाही ते तुम्हीच पाहा. उठला, तर पोराचा जीव आणि ही बायको, दोन्ही एका घरात राहायचं नाही. तिला सोडचिठ्ठी. आणि डायनामो मी नेऊन वाळवंटात पुरतो." हातात उचलता येईल अशी किमती वस्तू जिन्नानं नेमकी कशी पकडली, हे कोणी विचारलं नाही.

आता हे 'अर्दी' कुठून निघालं ते सांगायला हवं, कारण ते माझ्या तोंडून निघालं होतं.

मी उस्ता हरबी, म्हणजे हरबी मिस्त्री. बाजाराच्या तोंडाशी माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे, एकतीस वर्षं झाली. वीज बॅटरीतून दिव्याकडे जाते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते. त्या परतीच्या वाटेला, अर्थिंगला, आम्ही मिस्त्री लोक 'अर्दी' म्हणतो. म्हणजे जमिनीचा. जमिनीखाली राहणाऱ्या जिन्नालाही लोक 'अर्दी'च म्हणतात. भाषा करणाऱ्यांनी जरा विचार करायला हवा होता.

ओकाशाचं लग्न ठरलं तेव्हा त्याला वरातीसाठी ट्रकवर बावीस दिवे आणि दोन भोंगे हवे होते. जुन्या डायनामोला ते पेलणार नव्हतं. नवरी रावया कैरोची. तिच्या बापाचं आणि भावाचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. भावानं आहेर म्हणून बसचा मोठा डायनामो पाठवला, आधीच्या दुप्पट ताकदीचा. मी तो वरातीच्या आदल्या दिवशी बसवला. चांगला बसवला. पट्टा बरोबर, बोल्ट बरोबर. खोक्यात आणखी काही सामान होतं, ते 'नंतर बघू' म्हणून टायरांमागे टाकलं. नंतर तिथं मांजर व्याली.

लग्नानंतर दोन आठवड्यांनी ओकाशा आईला घेऊन दुकानापुढे थांबला. "उस्ता, ब्रेक दाबला की वायपर हलतात."

मी शम्सी भाकरी आणि कांदा खात होतो. मान वर न करता म्हणालो, "अर्दीचा त्रास आहे. पुढच्या आठवड्यात आण."

केबिनमधून हाज्जा तफीदानं ऐकलं. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी ह्याच ट्रकमध्ये, त्याच कालव्याच्या वळणावर गेला होता. 'अर्दी' हा शब्द ऐकून ती माझ्याकडे परत येणार नव्हतीच. ट्रक पुढच्या आठवड्यात माझ्याकडे आला नाही, कालव्याकडे गेला, आणि तिथून शेखकडे.

मग मी शेडमध्येच पुढे होऊन खरं का सांगितलं नाही? सांगतो. मंगळवारी शेखनं सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं, "मिस्त्रीचा हात स्वच्छ आहे. दोष आला तो बाहेरून." लोकांनी माझ्याकडे पाहून माना डोलावल्या. मला बरं वाटलं. इतकं सोपं आहे ते.

गुरुवारी ओकाशा दुकानात येऊन बसला. मी चहा दिला, तो त्यानं हातात धरून गार केला.

"उस्ता, एक विचारू? जिन्न तिच्याबरोबर आलाय, तर तिला काहीच का करत नाही? चटका मला, हात माझा मोडला."

"शेखला विचार."

"विचारलं. म्हणाला, जिन्न मत्सरी असतो."

"असेल."

"ती दुसऱ्याच दिवशी म्हणाली होती, तारा बघून घ्या. मी म्हटलं, बायकांनी ट्रकमध्ये लक्ष घालू नये. आमच्यात नवी नवरी चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही, आणि हिला बॉनेट उघडायचं होतं!" तो हसायला गेला आणि त्याचा चेहराच वेडावाकडा झाला. "मला ती हवी आहे, उस्ता. पण आई रात्रभर बसून रडते. म्हणते, बाप नेला, आता तुला नेणार. मी काय करू?"

मी टायरांकडे पाहत होतो. मांजर पिलांना चाटत होती. "अल्लाह बघेल," मी म्हणालो. अल्लाह बघतच होता, हे मला शुक्रवारी कळलं.

शुक्रवारी शेडमध्ये मंगळवारच्या दुप्पट माणसं. क्रेट मात्र मालकानं आधीच आत नेऊन ठेवले होते.

रावयाला दोन बायका धरून घेऊन आल्या, काळ्या चादरीत, चोराला आणतात तशा. वीस-बावीस वर्षांची सडपातळ मुलगी. तिनं गर्दीकडे पाहिलं नाही, शेखकडे पाहिलं नाही. थेट बॉनेटखाली पाहिलं. लग्नापासून जे बघू दिलं नव्हतं, ते शेखनं स्वतः बोलावून तिला दाखवलं.

"बस केबिनमध्ये," शेख म्हणाला. ती बसली. त्यानं साखळीचा आकडा काढला. "शल्मूख! तल्मूख! तुझी मालकीण आली आहे, सलाम कर! ब्रेक दाब, पोरी!"

तिनं दाबला. दिवे मलूल झाले, वायपर थरथरत उठले. शेडमध्ये एकच कल्लोळ झाला.

"केला सलाम!" शेख हात पसरून म्हणाला. "आता आणखी काय पुरावा हवा? ओकाशा, बोल."

ओकाशानं आधी आईकडे पाहिलं, मग केबिनकडे. तेवढ्यात रावया खाली उतरली.

"सासूबाई," ती म्हणाली, "जरा तुम्ही बसता वर?"

"मी?" हाज्जा तफीदा दचकली.

"हो. जिन्न माझा आहे ना? मग तुमच्यासाठी तो उठणार नाही. एकदाच बसा. मग तुम्ही म्हणाल तर मी आत्ता इथूनच कैरोची गाडी धरते. तुमच्या दारात परत पाऊल टाकणार नाही."

"हे नियमात बसत नाही!" शेख म्हणाला.

"कुठल्या नियमात?" गर्दीतून कोणीतरी विचारलं. शेखला पटकन नियम आठवला नाही.

हाज्जाला दोघांनी वर चढवलं. तिनं डोळे मिटून ब्रेकवर पाय दाबला. वायपर थरथरत उठले.

 मागून एक म्हातारा म्हणाला, "हाज्जा, तुमच्यावरही भाळला की हो!" आणि शेड हसण्यानं दणाणली.

"मेल्या, पंचाहत्तर वय झालं माझं!" हाज्जा आतून ओरडली. पण तिनं डोळे उघडले होते. तिनं पाय काढला. परत दाबला. वायपर परत उठले. "अगं, हा तर कोणालाही सलाम करतो!"

"करतो ना. शेखसाहेब, आता तुम्ही बसता?"

शेखसाहेबांना गुडघ्याचा त्रास होता.

"बरं," रावया म्हणाली. "मग कोणीतरी आमच्या घरून मुलुखियाची पळी आणा. चुलीशेजारी टांगलेली आहे, लोखंडी, लांब दांड्याची."

मुलुखिया ही आमची रोजची भाजी, आणि ती पळी हाज्जाच्या रोजच्या वापरातली. ती आली. रावयानं चादर खांद्यावर टाकली, पळी झग्याला पुसली आणि शेखनंच खरवडून दिलेल्या जागांवर ठेवली: दांडा चासीवर, वाटी इंजिनावर. जोरानं दाबून धरली.

दिवे भपकन पांढरे झाले. वायपर आडवे पडले. हॉर्न वाजला, गाढवं ओरडली.

तिनं पळी उचलली. दिवे पिवळे. टेकवली. पांढरे. बाया लसणाची फोडणी मुलुखियात टाकताना मोठ्यानं श्वास आत ओढतात, तसा शंभर माणसांनी एकदम श्वास ओढला.

"सुर्यानी येत नाही मला," रावया म्हणाली, "आणि ह्या पळीलाही येत नाही. सासूबाई, खाली या, तुम्ही धरा."

हाज्जा तफीदानं पळी धरली. टेकवली, उचलली, टेकवली. नवरा गेल्यापासून ज्याला ती घाबरत होती त्याला ती पळीनं येऊ देत होती आणि पळीनं घालवत होती. तिला थांबवायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

"हे कसं काय, पोरी?" शेवटी तिनं विचारलं.

"तुम्ही वाफ्याला पाटानं पाणी देता ना? पाट दुप्पट रुंद केला आणि खालचा चर बुजलेलाच ठेवला, तर पाणी कुठे जाईल?"

"शेजारच्या वाफ्यात," चार-पाच शेतकरी एकदम म्हणाले. ह्या विषयावर आमच्या गावात खून झालेत.

"तेच. नवा डायनामो म्हणजे रुंद पाट. त्यावर बावीस दिवे. वीज दिव्यात जाते, मग तिला चासीवरून इंजिनाकडे परत यायचं असतं. इंजिन रबरावर बसलेलं, म्हणून मध्ये तारेची एक विणलेली पट्टी असते. ती ही बघा." तिनं हात घालून एक काळा, कुजका, झाडूच्या शेवटच्या काड्यांसारखा तुकडा ओढून दाखवला. "तीन धागे उरलेत. मग वीज मिळेल तिथून घुसते. वायपरमधून घुसली, वायपर हलला. ॲक्सिलरेटरच्या तारेतून घुसली, तार तापली. शेखसाहेबांनी गंज खरवडून तांब्याची साखळी लावली, म्हणजे चर मोकळा केला. काम उत्तम केलं. कुठे शिकलात, शेखसाहेब?"

शेख झोळी आवरत होता. "बेनगाझीत," त्याच्या तोंडून निघून गेलं. "बस डेपोत, सहा वर्षं." मग त्याला कळलं आपण काय बोललो. लोकांनी त्याला मारलं वगैरे नाही. साखळी गुंडाळून परत दिली आणि वाट करून दिली. त्याच्या अंगावरून डोळे मात्र कोणी काढले नाहीत, आणि शेडपासून रस्त्यापर्यंतचं अंतर त्या दिवशी बरंच लांब होतं.

मला वाटलं, झालं. मी हळूच मागे सरकलो.

"उस्ता हरबी," रावयाचा आवाज आला. "माझ्या भावानं डायनामोबरोबर तीन जाड केबल पाठवल्या होत्या. एक डायनामोपासून बॅटरीला, एक बॅटरीपासून इंजिनाला, एक इंजिनापासून चासीला. मीच कापून, टोकं दाबून दिल्या होत्या. त्या कुठे आहेत?"

सगळी शेड माझ्याकडे वळली. मी खोटं बोलू शकलो असतो. मंगळवारपासून माझी सवय झालेली होती. पण ओकाशा माझ्याकडे बघत होता, काल गार चहा हातात धरून बघत होता तसाच.

"टायरांमागे," मी म्हणालो. "मांजर व्याली आहे त्यांच्यावर. घाई होती. मी बसवल्या नाहीत. मला मंगळवारीच कळलं होतं, साखळी लावली तेव्हा. मी बोललो नाही."

"आणि मी काल विचारलं तेव्हा?" ओकाशा म्हणाला.

"तेव्हाही नाही."

त्यानं मला शिवी दिली नाही. तो रावयाजवळ गेला आणि तिची घसरलेली चादर डाव्या हातानं वर ओढायला लागला. त्याला ते एका हातानं जमत नव्हतं आणि तिनं ते त्याला करू दिलं.

हाज्जा तफीदा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पळी अजून तिच्या हातात होती. मला वाटलं, डोक्यात घालणार. घातली असती तर बरं झालं असतं.

"हरबी," ती म्हणाली, "ओकाशाचा बाप गेला तेव्हा शेजारी बसलेला माणूस सांगत होता, वळणावर दिवे एकदम गेले. मी नऊ वर्षं म्हणतेय, नजर लागली, जमिनीनं ओढला. तेव्हाही ट्रकला हीच पट्टी होती?"

"दिवे कशानं गेले ते मला माहीत नाही, हाज्जा."

"ते नाही विचारलं. पट्टी हीच होती?"

"हीच होती."

"आणि वायरिंग कोण बघायचं?"

"मी."

तिनं मान हलवली. एक रिकामा क्रेट ओढला, पालथा घातला आणि ट्रकसमोर बसली. "बसव आता. मी बघते."

मी दुकानातून केबल आणल्या. मांजरीनं हातावर ओरबाडलं, ते मी मनावर घेतलं नाही. जुनी पट्टी काढली, गंज घासला, तिन्ही केबल बसवल्या, बोल्ट आवळले. रावयानं प्रत्येक बोल्ट ओढून पाहिला. एक सैल होता. अंधार पडायला लागला तेव्हा बावीस दिवे लागले आणि ओकाशानं ब्रेक दाबला. वायपर हलले नाहीत. तेव्हा कुठे हाज्जा उठली, सुनेचा हात धरला आणि घरी गेली. माझ्याशी ती आजतागायत बोललेली नाही. त्या पळीच्या वाटीवर एक काळा डाग पडलाय आणि तिनं तो घासून काढलेला नाही, असं ऐकतो.

तर मंडळी, तुमच्याही गावात कधी कशाच्या तरी अंगात येईल. शेख येईल, साखळी आणेल आणि घरातल्या सगळ्यात नव्या, सगळ्यात गरीब, जिला बोलायची परवानगी नाही अशा माणसाकडे बोट दाखवेल. तेव्हा घाबरू नका. बॉनेट उघडा. जो जिन्न तिच्यासाठी उठतो तो सासूसाठीही उठतो का, एवढं तरी बघा. तार शोधा. आणि तार नाही सापडली तर गर्दीत माझ्यासारखा एक जण शोधा. त्याला सगळं माहीत असतं, आणि जिन्नाचं नाव निघाल्यापासून तो अगदी निवांत उभा असतो.